जयवंताबाईचं तेल आणि एकशे छत्तीस

वांकिडी
२९ नोव्हेंबर १९८७

चारू,

आशीर्वाद तुले जन्मली तेव्हाच देऊन ठेवला, दरवेळी नवा लिहीत नाई. खुशालीचंही तसंच. वाईट झालं तर कळवीन.

काम आहे म्हणून लिहून राह्यली. तुझा बाप ऑफिसच्या कामानं हैदराबादले येते, त्याच्या हाती एक कुपी पाठवते. खोकल्याच्या औषधाची आहे. राखेनं घासून तीनदा उकळली. आत यंदाचं रोशाचं तेल आहे. त्यात दुसरं काय मिसळलं ते तुझ्या मशीनवर पाहून सांग. तेलातुपात काय काय आहे ते ओळखणारी मशीन तुझ्या हाताखाली आहे असं तू दिवाळीत सांगत होती. आता कामाले लाव.

भट्टीवर तू एकदाच आली, सहा वर्षांची होती अन धुरानं रडली, तेवढंच तुले आठवत असेल. म्हणून सगळं लिहिते. डोंगराच्या उतारावर रोशा गवत होते. फुलावर आलं की कापायचं, तांब्याच्या देगीत पाण्यासंगं कोंबायचं अन खालून जाळ. देगीच्या तोंडातून बांबूची नळी निघते, ती ओढ्याच्या गार पाण्यात बुडवलेल्या घड्यात जाते. वाफ घड्यात उतरते, तिचं पाणी होते अन पाण्यावर तेल तरंगते. दिवसभर जाळ घातला तर पावशेर.

गवत दोन जातीचं. पाहायले सख्ख्या बहिणी. मोतिया कोरड्या उतारावर होते, त्याच्या तेलाले गुलाबाचा वास. सोफिया ओलसर सावलीत होते, त्याचा वास उग्र, आल्यासारखा, अत्तरवाला त्याले हात लावत नाई. म्हणून भारा आला की फूल चुरगाळून नाकाशी धरायचं अन कोणता भारा देगीत जाईल ते सांगायचं. हे काम तीस वर्षांपासून माझं आहे. दुसऱ्या कोणाले करू दिलं नाई. कापणं, वाहणं, देग भरणं, जाळ घालणं हे बयनाबाई करते. चौदा वर्षं झाली तिले माझ्या हाताखाली.

इचोड्याचा दलाल पांडुरंगराव माझा डबा कधी उघडून पाहत नव्हता. जयवंताबाईचा आहे म्हटलं की तसाच नागपूरले जाय. यंदा नागपूरहून तीन डबे परत आले. पांडुरंगराव स्वतः घेऊन आला अन ओट्यावर ठेवून म्हणे, "माय, ह्यात कोणीतरी टर्पेंटाईन मारलं."

मी म्हटलं, "पांडुरंगराव, माझ्या घरी रंगकाम नाई निघालं."

"मग भट्टीवर कोण होतं ते पाहा."

भट्टीवर बयना होती अन मी होती. मी तर नाई. बयनाचा जावई इचोड्यात ट्रक रंगवते, त्याच्याकडं टर्पेंटाईनचे डबे पडलेले राहतात. आता तूच सांग.

तिनं केलं असेल तर गवत कापणाऱ्या बायांच्या टोळीतून तिचं नाव काढावं लागते. एकदा काढलं की ह्या डोंगरातली कोणतीच भट्टी तिले उभी करणार नाई. नवरा नाई, वावर नाई, दुसरं काम तिले येत नाई. म्हणून नुसत्या संशयावर मी काढत नाई. मशीनले विचारते.

तुझी आजी
जयवंताबाई


हैदराबाद
११ डिसेंबर १९८७

प्रिय आजी,

कुपी मिळाली. बाबांनी ती टिफिनच्या डब्यात भाजीशेजारी ठेवून आणली, तरी सांडली नाही. प्रयोगशाळेतल्या सरांनी मला मशीनवर अर्धा तास दिला. मशीन एकच आहे आणि रांग मोठी, त्यामुळे तुझं तेल दोन औषधांच्या मधल्या वेळात घुसवलं.

मशीन काय करतं ते तुला कळेल असं लिहिते. एक स्टीलची बंद पोकळी आहे, तिच्यातली हवा पंपाने जवळजवळ सगळी काढून घेतलेली असते. तिच्यात तेलाची वाफ सोडायची, एका थेंबाहूनही खूप कमी. पोकळीच्या एका बाजूला केसासारखी बारीक तार असते. ती वीज देऊन लाल केली की तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. इलेक्ट्रॉन म्हणजे विजेचे कण, कशानेही दिसणार नाहीत इतके लहान. ते जोराने येऊन तेलाच्या रेणूवर आदळतात. रेणू म्हणजे तेलाचा सर्वांत लहान भाग, ज्याला अजून तेल म्हणता येतं. धडक बसली की रेणूमधला एक इलेक्ट्रॉन उडून जातो आणि रेणू विजेने भारला जातो. त्याला इतका हादरा बसलेला असतो की पुष्कळदा तो तुटतो. मग ते तुकडे, आणि जे थोडे रेणू शाबूत राहिले तेही, एका मोठ्या चुंबकाजवळून धावतात. हलका जास्त वळतो, जड कमी. कोण किती वळला त्यावरून वजन कळतं, आणि एक पेन कागदावर प्रत्येक वजनाची रेघ ओढतं. ज्या वजनाचे पुष्कळ, त्याची रेघ उंच.

तुझ्या कागदावर एक रेघ एकशे एकोणपन्नासला आली. ती पाहून मी घाबरले, पण ती कुपीच्या प्लॅस्टिकच्या झाकणाची निघाली. झाकण मशीनला तेलाइतकंच आवडतं.

मुद्द्याचं हे. एकशे छत्तीस वजनाची चांगली ठळक रेघ आहे. टर्पेंटाईनमधल्या मुख्य द्रव्याचं वजन बरोबर एकशे छत्तीस असतं. तेव्हा पांडुरंगराव म्हणतात ते खरं दिसतंय.

बयनाबाईंबद्दल वाईट वाटलं. मला आठवतं, त्यांनी मला पाठीवर बसवून ओढा ओलांडला होता.

तुझी,
चारू


वांकिडी
१९ डिसेंबर १९८७

चारू,

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा अक्षरासाठी. डॉक्टरकीकडं गेली नाई तरी अक्षर त्यांचंच घेतलं.

तुझी मशीन समजली. तू माझ्या तेलाले कोंडते, मारते अन हाडं मोजते. एवढंच विचारते, तोडायचं काऊन? शाबूत आहे तसंच तोलावं. मी बाजारात भोपळा फोडून तोलत नाई.

इकडचं ऐक. तुझं पत्र आलं त्याच दिवशी बयनाले बोलावलं. कुसुमबाई, रेणुकाबाई, टोळीतल्या आणखी चार जणी बसल्या होत्या. मी म्हटलं, "बयना, मशीननं सांगितलं."

"काय सांगितलं?"

"एकशे छत्तीस."

"म्हणजे?"

"म्हणजे टर्पेंटाईन."

मग म्हणे, "काकू, मशीन भट्टीवर आली होती का?"

मी म्हटलं, "तोंड चालवू नको, हात कोणाचा आहे ते सांग." तिनं कमरेचा विळा काढला, ओट्यावर ठेवला अन गेली. रडली असती, भांडली असती तर मले बरं पडलं असतं. दुसऱ्या दिवशी घराले कुलूप. इंद्रवेल्लीकडं भावाच्या गावी गेली म्हणतात.

एक फेब्रुवारीले टोळीची बैठक आहे. पुढच्या हंगामाची नावं तेव्हा लिहितात. त्या दिवशी तिचं नाव गळालं की कायमचं गळालं. कुसुमबाईनं आत्तापासून आपल्या भाचीचं नाव पुढं करून ठेवलं.

तुझं काम झालं. आता भोपळ्याचं उत्तर दे.

जयवंताबाई


हैदराबाद
३० डिसेंबर १९८७

प्रिय आजी,

भोपळ्याचं उत्तर देते, आणि त्याच्या पोटात माझी चूक आहे ती पण सांगते.

शाबूत तोलता येत नाही, कारण चुंबक फक्त विजेने भारलेल्या रेणूलाच वळवतं. तुझं तेल तसं नसतं. ते चुंबकाजवळून सरळ निघून जाईल. त्याला भारायचं तर इलेक्ट्रॉन मारावाच लागतो, आणि मारला की पुष्कळसे रेणू तुटतात. पण तुटणं हे नुकसान नाही. प्रत्येक द्रव्य आपल्या ठरलेल्या जागी तुटतं, दरवेळी तसंच. ज्वारीची भाकर आणि गव्हाची पोळी एकाच वजनाची केली तर तराजूला फरक कळणार नाही. मोडून पाहिली की आंधळ्यालाही कळेल.

हे वाक्य तुझ्यासाठी लिहिलं आणि लिहितानाच माझा हात थांबला. मी त्या दिवशी शाबूत राहिलेल्याचं वजन पाहिलं, एकशे छत्तीस, आणि टर्पेंटाईन म्हणून मोकळी झाले. तुकडे पाहिलेच नाहीत. अर्धाच तास होता हे कारण आहे, पण पुरेसं नाही.

मग सुलतान बाजारातून रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाईन आणलं. या वेळी दोन्ही नमुने आधी एका लांब, बारीक नळीच्या वेटोळ्यातून सोडले. त्यात मिसळलेली द्रव्यं एकामागून एक वेगळी बाहेर पडतात, मग प्रत्येकावर इलेक्ट्रॉन मारायचे. टर्पेंटाईनच्या द्रव्याचा सर्वांत उंच तुकडा त्र्याण्णवचा. तुझ्या तेलातल्या एकशे छत्तीसचा सर्वांत उंच तुकडा अडुसष्टचा. वजन एक, तुटणं निराळं. तुझ्या तेलात आहे ते लिंबाच्या सालीत असतं ते द्रव्य. शिवाय आणखी एक दोन द्रव्यं सापडली. ग्रंथालयात शोधलं. ही सगळी सोफिया गवताच्या तेलात असतात.

आजी, तुझ्या तेलात टर्पेंटाईनचा थेंब नाही. बयनाबाईंनी काही मिसळलेलं नाही. देगीत सोफिया गेलंय, आणि थोडंथोडकं नाही.

भारे कोण निवडतं ते तू पहिल्या पत्रात लिहिलंस.

दिवाळीत चुलीवर दूध करपून पातेलं काळं झालं, मी अंगणातून धावत आले. तू त्याच चुलीपुढे भाकरी थापत बसली होतीस. मला म्हणालीस, डोळा लागला. थापताना डोळा लागतो का कुणाचा? आजी, तुला वास येतो ना?

चारू


वांकिडी
८ जानेवारी १९८८

चारुशीलाबाई,

दोन बुकं जास्त शिकली म्हणून आजीचं नाक तपासायले लागली. आधी म्हणते टर्पेंटाईन आहे. मग म्हणते नाई. उद्या म्हणशील तेलच नव्हतं. तुझी मशीन दर पंधरा दिवसांनी जबानी बदलते अन चूक माझी?

मी आठ वर्षांची असताना सासरी आली. सासूनं पहिल्या वर्षी डोळे बांधून शंभर भारे नाकापुढून नेले. एक चुकला तर त्या रात्री भाकर नाई. असं शिकलेलं नाक आहे हे. तुझ्या तारेसारखं दुकानातून आणलेलं नाई.

तरी तू म्हणते म्हणून होऊन जाऊ दे. मांडवात जुने भारे उरले होते, त्यातले दोन मी निवडले. चहाच्या किटलीले नळी लावून दोन्हींचं थोडं थोडं तेल काढलं. दोन कुप्या पाठवते. लाल दोऱ्याची मोतिया. पांढऱ्या दोऱ्याची सोफिया. ह्या वेळी झाकण लाकडी बुचाचं आहे, तुझ्या मशीनले खाज सुटायले नको. कुप्या आदिलाबादचा मास्तर हैदराबादले जाते, त्याच्या हाती देते.

मशीननं उलटं सांगितलं तर समजीन मशीन बिघडली. बरोबर सांगितलं तर तू माझी लेखी माफी माग, चांगल्या अक्षरात.

बाकी मालनबाईले नवीन थाट सुचला. माझी जाऊ, पंचेचाळीस वर्षं भिंतीले भिंत लावून राहते, अन चार दिवसांपासून माझ्या दारावरून जाताना पदर नाकाले लावते. मी जशी काही अस्पृश्य झाली. मीही बोलत नाई. तिचं नाक, तिचा पदर.

जयवंताबाई


हैदराबाद
२१ जानेवारी १९८८

प्रिय आजी,

लाल दोऱ्याच्या कुपीत सोफिया आहे. पांढऱ्या दोऱ्याच्या कुपीत मोतिया आहे.

दोनदा पाहिलं. दुसऱ्यांदा मी दोरे सोडून टाकले, कुप्यांवर नुसते आकडे घातले आणि माझ्यासोबत काम करणाऱ्या दमयंतीला दिल्या. तिला तुझ्याबद्दल काही माहीत नाही. तिचंही उत्तर तेच आलं. मशीन बिघडलेलं नाही.

माफी तरी मागते, पण दुसऱ्या गोष्टीची. बयनाबाईंना घालवलं ते माझ्या पहिल्या पत्राने. सोबत एक कागद जोडला आहे. त्यात पहिला निकाल चुकीचा होता आणि तेलात टर्पेंटाईन नाही हे लिहून सही केली आहे, सरांनी शिक्का दिला आहे. बैठकीत दाखव. मी रजा मागितली, मिळाली नाही.

तू काय करशील ते मला माहीत नाही. ते मशीनवर दिसत नाही.

चारू


वांकिडी
९ फेब्रुवारी १९८८

चारू,

पत्र मोठं होईल. शाई दुसरी आणली.

आषाढात मले ताप आला होता, पंधरा दिवस. ताप गेला अन संगं वासही गेला. मले तेव्हाच कळलं होतं. फोडणीत हिंग टाकला की नाई ते डबीत पाहून ठरवत होती. वाटलं परत येईल. हंगाम आला तरी आला नाई. पण भारे समोर पडले की हात आपोआप जाय, फूल चुरगाळलं जाय, अन तोंड आपोआप बोलून जाय, हा मोतिया, हा सोफिया. तीस वर्षांची सवय. वाटलं डोळ्याले अन हाताले कळत असेल. ते काही कळत नव्हतं.

बयनावर आळ घेतला तेव्हा मी खोटं बोलत नव्हती. पण खरं काय आहे तिकडं पाहिलंही नाई. तू कोर्टात असती तर ह्या दोन्हीतला फरक काढला असता. मी काढत नाई.

तुझं पत्र आलं त्यावर चार दिवस कोणाले काही बोलली नाई. पाचव्या दिवशी चूल पेटवली, गोवरीवर रॉकेल ओतलं अन रॉकेलचा हात नाकाशी धरला. पाणी हुंगल्यासारखं. मग एक तारखेले बैठकीले गेली.

चौदा बाया होत्या अन पांडुरंगराव. तुझा कागद दिला. पांडुरंगरावानं तो इकडून तिकडून पाहिला अन म्हणे, "शिक्का चांगला आहे." वाचता कोणाले येत नव्हता, इंग्रजीत लिहायची काय गरज होती? मग मीच उभी राह्यली अन सांगितलं, माझं नाक मेलेलं आहे, सोफिया मीच देगीत टाकलं, बयनाचा काही संबंध नाई.

वाटलं होतं ऐकून घेतील, शिव्या देतील, झालं. तर विश्वासच बसेना. कुसुमबाई म्हणे, "म्हातारीले बयनाची दया आली. काहीतरी सांगून तिले वाचवून राह्यली." तिच्या भाचीची जागा जात होती, म्हणणारच.

मी म्हटलं, "डोळे बांधा अन भारे आणा."

डोळे बांधले. सहा भारे नाकापुढून नेले. चार चुकली. पट्टी सोडली तर रेणुकाबाई म्हणे, "मुद्दाम चुकल्या. बरोबर सांगायचं सोंग घेता येत नाई, चुकायचं कोणालेही घेता येते."

खरं होतं तिचं. नाक आहे हे दाखवता येते. नाक नाई हे कसं दाखवायचं? तुझ्या मशीनमध्ये मी काही मावत नाई.

तेवढ्यात मालन उठली. ती बैठकीत कधी बोलत नाई. म्हणे, "मी एक सांगते. हिच्या कणगीमागं घूस मरून चार आठवडे झाले. माझ्या घरात पोरं जेवत नाईत. ही त्याच कणगीले टेकून जेवते, तिथंच झोपते. मले वाटे मले छळायसाठीच ठेवली. म्हणून मीही बोलली नाई, म्हटलं पाहू कोण आधी हरते."

मग कुसुमबाई पदर खोचून तरातरा माझ्या घराकडं गेली. परत आली ती दारातच ओकली.

मग सगळ्या हसल्या. पांडुरंगराव तर उपरणं तोंडात कोंबून हसला. माझ्या लग्नातही एवढं कोणी हसलं नसेल. पण विश्वास बसला. मालन पंचेचाळीस वर्षांत माझ्या बाजूनं एक शब्द बोलली नव्हती, म्हणून बसला. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर म्हटलं असतं, म्हातारीनं शिकवून आणली. घूस मालनच्या पोरानं काढली. मी मालनले "बरं झालं" एवढं म्हटलं. ती म्हणे, "तुमच्यासाठी नाई बोलली, पोरांच्या जेवणासाठी बोलली." ठीक आहे.

बयनाचं नाव लिहिलं. पण नाव लिहिलं म्हणजे बाई येते असं नाई.

परवा तीन गाड्या बदलून तिच्या भावाच्या गावी गेली. वावरात कापूस वेचत होती. मले पाहून थांबली नाई, तशीच ओळ धरून पुढं गेली. मीही तिच्या बाजूची ओळ धरली. अर्धी ओळ झाल्यावर बोलली.

"काय काम काढलं, काकू?"

सगळं सांगितलं. तिनं मान वर केली नाई.

म्हणे, "मले माहीत होतं."

"काय?"

"तुमाले वास येत नाई ते. पहिल्याच आठवड्यात कळलं. मी सोफियाचे भारे बाजूले काढून ठेवत होती, तुमी उचलून देगीत टाकत होत्या. मी परत काढत होती, तुमी परत टाकत होत्या."

"मग सांगितलं काऊन नाई?"

"तुमी ऐकलं असतं?"

मी नाई म्हटलं. खोटं कशाले बोलायचं, एवढ्या दूर येऊन.

"अन त्या दिवशी ओट्यावर, सगळ्यांपुढं? तेव्हा तरी सांगायचं."

तिनं हातातलं बोंड पिशवीत टाकलं. "तेव्हा सांगितलं असतं तर टर्पेंटाईन माझ्यावर होतंच, वरून आपलं पाप म्हातारीच्या नाकावर ढकलते म्हणून तेही माझ्यावर आलं असतं."

चारू, चौदा वर्षं ती बाई माझ्यापुढं उभी होती अन मी तिले देग भरणारे दोन हात समजत होती. तिले नाक होतं. माझ्यापेक्षा चांगलं. मी हुंगताना बाजूले उभी राहून शिकली. मी शिकवलं नाई, तिनं विचारलं नाई.

मी माफी मागितली. कशी मागितली ते लिहीत नाई. ओळ संपेपर्यंत कापूस वेचला, तिच्या पिशवीत टाकला.

ती म्हणे, "येईन. पण भारे मी हुंगीन. मी सोफिया म्हटलं तर सोफिया. जाळ तुमी घालायचा."

मी म्हटलं, "सत्तरीच्या बाईले जाळ घालायले लावते?"

ती म्हणे, "हात तर चालतात ना तुमचे."

भाव ठरला. जाळ मी घालीन.

तुले एकच सांगायचं. तुझ्या पहिल्या पत्राबद्दल मनाले लावून घेऊ नको असं मी म्हणणार नाई. लावून घे. पण एकदाच, अन मग कामाले लाग. पुढच्या वेळी तुकडे पाहून पत्र लिहिशील.

आजी


वांकिडी
६ नोव्हेंबर १९८८

चारू,

हंगाम सुरू झाला. जाळ घालून हाताचे केस जळले, त्याचाही वास येत नाई, तेवढा एक फायदा.

बयना फार माजली. "काकू, ओलं लाकूड घालू नका." "काकू, जाळ कमी करा, तेल करपते." परवा मी एक भारा नुसता हातात घेऊन पाहिला तर मले म्हणे, "ठेवा तो खाली." मी ठेवला. सोफियाचा होता. मले माहीत नव्हतं. ठेवला तरी.

पांडुरंगराव आता प्रत्येक डबा उघडते, बोट बुडवते, मनगटाले लावून हुंगते, मग घेते. पहिल्या दिवशी मले राग आला. आता येत नाई. उघडूनच घ्यावं.

ह्या पत्रासंगं तुझा बाप एक कुपी आणते. यंदाच्या पहिल्या देगीची आहे. मशीनवर घाल. तुझी ती लांब नळी लावून, तुकडेबिकडे सगळे पाहून, सावकाश. घाई नाई. तेल चांगलं आहे ते मले माहीत आहे, बयना म्हणते. पण कागद पाहिजे.

अन ह्या वेळी कागद मराठीत लिही. वर जिथं नमुना कोणाचा ते लिहितात, तिथं माझं नाव टाकू नको. बयनाबाई असं लिही, पुरं, तिच्या नवऱ्याच्या आडनावासकट, ते तुझ्या बापाले माहीत आहे. तिले वाचता येत नाई. पण ती कागद घेईल, उलटसुलट करून पाहील अन विचारील माझं नाव कुठं आहे. मी बोट ठेवून दाखवीन.

जयवंताबाई